तरुणांच्या हाती मंडळीची किल्ली: जबाबदारी कशी घ्यावी, कशी द्यावी

डिसेंबर लागला की चर्चच्या शिडीवर तरुणच चढलेले दिसतात. चांदणी टांगायची, दिव्यांच्या माळा सोडायच्या, मांडववाल्याकडून खुर्च्या मोजून घ्यायच्या, साउंड लावायचा. जानेवारीत चांदणी उतरते आणि त्यांचे कामही संपते. उरलेले अकरा महिने निर्णय दुसरीकडे होतात आणि तरुणांना ते रविवारच्या सूचनांमध्ये कळतात. मग 'आजकालची मुले चर्चला येत नाहीत' अशी तक्रार होते. हमाली दिली आणि कारभार दिला नाही, तर कोण टिकेल?

ही माहिती दोघांसाठी आहे: तरुण संघाची, संडे स्कूलची किंवा उपासनेची जबाबदारी पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी आणि ती देणाऱ्या पास्टरेट कमिटीसाठी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीसाठी. रचना नाशिकच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीची धरली आहे. कॅथलिक पॅरिशमध्ये पदांची नावे वेगळी असतात. जिथे खरोखर फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

आधी एक कागद

'यंदा तरुण संघ तू बघ' हे वाक्य पाळकसाहेबांनी उपासना संपल्यावर दारात सांगितले, म्हणून जबाबदारी मिळाली असे होत नाही. एका पानाचे पत्र मागून घ्या. त्यात पाच गोष्टी हव्यात: काम नेमके कोणते, मुदत किती, न विचारता किती खर्च करता येईल, हिशेब कोणाला द्यायचा, आणि कमिटीच्या कोणत्या बैठकीला बसायचे. मुदत दोन वर्षांची ठेवा आणि सलग दोनपेक्षा जास्त वेळा नको. खर्चाची मर्यादा मंडळीच्या ऐपतीप्रमाणे ठरेल, पण आकडा लिहिलेला असावा. उदाहरणार्थ १,००० रुपयांपर्यंत स्वतः, ५,००० पर्यंत खजिनदारांच्या सहीने, त्यापुढे कमिटीत.

मर्यादा लिहिली नाही तर काय होते ते ठरलेले आहे. मुलगा हार्मोनियमचे भाते दुरुस्त करून आणतो, बिल देतो आणि 'कोणाला विचारून केले?' असा प्रश्न येतो. पैसे शेवटी मिळतात, पण तो पुढच्या वेळी स्वतःहून काही करत नाही.

किल्ली हा त्याच कागदाचा भाग आहे. ज्याच्याकडे सरावाची जबाबदारी आहे त्याच्याकडे वाद्यांच्या कपाटाची किल्ली हवी. दर गुरुवारी एखाद्या काकांच्या घरी जाऊन किल्ली मागायची आणि ते गावाला गेले असतील तर सराव रद्द करायचा, ही व्यवस्था दोन महिन्यांत उत्साह मारते. किल्ली देताना रजिस्टरमध्ये तारीख आणि सही घ्या. विश्वास आणि नोंद या दोन्ही गोष्टी एकत्र चालतात.

माणसे मोजा, मग वेळ ठरवा

पहिल्या पंधरा दिवसांत यादी करा. बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या रजिस्टरमधून १३ ते ३० वयाची सगळी नावे उतरवून घ्या. जे येतात त्यांचीच यादी केली तर जे येत नाहीत ते कायमचे गळतात. प्रत्येक नावापुढे राहण्याचा भाग, फोन, कॉलेज किंवा नोकरी, शिफ्ट आणि येणारे एखादे कौशल्य लिहा. १८ वर्षांखालच्यांची यादी वेगळी ठेवा. त्यांचा फोन म्हणजे आईवडिलांचा फोन.

शिफ्टचा रकाना नाशिकमध्ये फार महत्त्वाचा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्याची शिफ्ट आठवड्याने फिरते आणि सगळ्यांनाच रविवारी सुट्टी नसते. निफाड-दिंडोरीकडची मुले द्राक्षांच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, संध्याकाळी मोकळी नसतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे अभ्यासिकेत असतात. म्हणून दर शनिवारी सातला बैठक असे वर्षभरासाठी ठोकून देऊ नका. यादी पाहून दोन वेळा काढा, उदाहरणार्थ रविवारी उपासनेनंतर एक आणि महिन्यातून एकदा रात्री साडेआठची. दोनपैकी एकीला आले तरी हजेरी धरा.

बैठक आणि वही

बैठक सव्वा तासाची. प्रार्थना आणि वचन दहा मिनिटे, मागच्या इतिवृत्ताचे वाचन पाच, मागच्या कामांचा आढावा पंधरा, नवे निर्णय पस्तीस, शेवटी दहा मिनिटे एकमेकांसाठी प्रार्थना. सातची वेळ दिली असेल तर तीनच जण असले तरी सातला सुरू करा. साडेसातला सुरू केली की पुढच्या वेळी सगळे पावणेआठला येतात.

इतिवृत्ताची वही दोनशे पानी, पृष्ठक्रमांक घातलेली. प्रत्येक निर्णयाला तीन रकाने: काय, कोण, कधीपर्यंत. 'कोण' या रकान्यात 'सर्वांनी' असे कधीही लिहू नका. सर्वांनी करायचे काम कोणीच करत नाही. पुढच्या बैठकीत ती पाने वाचली की आपोआप कळते, कोण बोलतो आणि कोण करतो.

नाशिकच्या शरणपूरच्या वारशात या वहीला मान आहे. सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या इंग्लंडच्या मिशनने एकोणिसाव्या शतकात इथे वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासातल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांच्या पेट्या सर्वांसमोर उघडून प्रत्येक वस्तूची यादी लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले, कारण त्याला लिहिता येत होते. पार्थिव समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही तो हजर होता. नाशिकमध्ये शिकलेल्या तरुणाने सर्वांत कठीण दिवशी आधी नोंद केली, ही गोष्ट तरुण संघाच्या प्रत्येक सेक्रेटरीला सांगावी.

व्हॉट्सॲप ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा आणि पोस्ट करण्याचा अधिकार दोन ॲडमिनना द्या. निर्णय ग्रुपवर घेऊ नका. तिथे रात्री अकराला जो जागा असतो त्याचे मत ठरते. आजारपणाची किंवा मृत्यूची बातमी घरच्यांनी सांगितल्याशिवाय टाकायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा.

उपासनेत उभे राहणे

सुरुवात शास्त्रवाचनापासून करा, कारण ते सोपे वाटते आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. वाचणाऱ्याला उतारा किमान बुधवारी मिळायला हवा. घरी मोठ्याने तीनदा वाचायचे. नबुखद्नेस्सर, यहोशाफाट अशी नावे आधी तोडून म्हणायची. शनिवारी एकदा चर्चमध्ये माइकवर. माइक तोंडापासून एक वीत, थोडा खाली. पुस्तक, अध्याय, ओवी सांगून चार सेकंद थांबा, लोकांना पान उघडू द्या. मोबाइलवरून वाचू नका. मधेच फोन येतो आणि वृद्धांना ते खटकते, तेही बरोबरच आहे.

गायन हा जास्त नाजूक भाग. मराठी मंडळीच्या गीतसंग्रहात नारायण वामन टिळकांची पदे आणि अभंग आहेत. नाशिकशी टिळकांचे नाते जवळचे, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्याच जलालपूरच्या. पण तरुणांना गिटारवरची नवी गीते हवी असतात, आणि भांडण तिथे लागते. चालणारे प्रमाण असे: चार गीतांपैकी दोन सर्वांना पाठ असलेली, एक जुने पद किंवा अभंग, आणि जास्तीत जास्त एक नवे. नवे गीत सलग तीन रविवार घ्या. पहिल्या रविवारी मंडळी ऐकते, दुसऱ्या रविवारी ध्रुपद म्हणते, तिसऱ्या रविवारी गाते. दर आठवड्याला नवे घेतले की गाणारे पाच आणि ऐकणारे दीडशे होतात.

पट्टीही बघा. सरावात मुलांना काळी चार सोपी जाते म्हणून तीच धरली तर मंडळीतल्या बऱ्याच जणांचा आवाज वरच्या सुरांत फाटतो आणि लोक गप्प बसतात. सरावाला दोन वयस्क मावशींना बसवा आणि त्यांना सहज गाता येईल तिथे पट्टी आणा. अभंगाला गिटार चालते, पण टाळ आणि तबला काढून टाकू नका; लय त्यांच्यावर उभी असते.

संदेश देण्याची पाळी आली तर बारा ते पंधरा मिनिटे पुरेशी. मराठीत शांतपणे बोलताना एका मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे लिहिलेला मजकूर १,२०० ते १,५०० शब्दांचा. एकच उतारा घ्या, त्यातून एकच गोष्ट सांगा. गुरुवारपर्यंत तो पाळकसाहेबांना वाचून दाखवा. तुम्हाला अडवण्यासाठी ही पायरी ठेवलेली नाही. उताऱ्याचा अर्थ चुकला तर तो तुमच्याबरोबर लोकांच्याही डोक्यात राहतो. कॅथलिक मिस्सामध्ये प्रवचन धर्मगुरू करतात. तिथे वाचन, श्रद्धावंतांच्या प्रार्थना, गायन आणि युवकांची शिबिरे ही तरुणांची क्षेत्रे आहेत. प्रभुभोजनाचा आणि बाप्तिस्म्याचा विधी सीएनआयमध्येही दीक्षित पाळकांचाच.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेत येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी एक तरुणाला आणि एक तरुणीला देण्याची पद्धत असेल तर उत्तम. नसेल तर कमिटीकडे मागा. गणित मात्र आधी मांडा: सात वक्ते प्रत्येकी १५ मिनिटे म्हणजे १०५, आठ गीते प्रत्येकी ५ म्हणजे ४०, वाचन-प्रार्थनांना ३५, एकूण १८०. पहिल्या दोघांनी पंचवीस-पंचवीस मिनिटे घेतली की शेवटच्या उद्गाराला पाच मिनिटेही उरत नाहीत, आणि शेवटचा उद्गार बहुधा तरुणाकडेच असतो. समोरच्या बाकावर घड्याळ धरून बसणारा एक माणूस नेमा.

पैसा

अर्पण मोजताना किमान दोघे, आणि ते एका घरातले नसावेत. मोजणी उपासना संपताच, चर्चमध्येच, टेबलावर. चिठ्ठीवर ५००, २००, १००, ५०, २०, १० आणि नाणी असे वेगवेगळे नग लिहून दोघांच्या सह्या. रक्कम घरी नेऊन मोजायची नाही आणि त्यातून लगेच चहाचा खर्चही भागवायचा नाही. सगळी रक्कम आधी जमा, खर्च नंतर पावतीने. सोमवारी बँकेत भरणा.

तरुण संघाच्या वर्गणीसाठी स्वतःचा क्यूआर कोड कधीही देऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. वर्षअखेरीला स्वतःची आणि संघाची रक्कम वेगळी काढता येत नाही, आणि एकदा संशय आला की तो नावाला चिकटतो. मंडळीचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला असतो, त्याचे ऑडिट होते. रक्कम ट्रस्टच्या खात्यात, अनुक्रमांकाच्या पावतीपुस्तकाने. परदेशी नागरिक असलेल्या नातेवाइकाने किंवा परदेशातल्या चर्चने शिबिरासाठी पैसे पाठवायचे म्हटले तर थांबा. परदेशी देणगीला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते. खजिनदारांना विचारल्याशिवाय 'हो' म्हणू नका.

शिबिराचे अंदाजपत्रक कसे मांडायचे ते एका उदाहरणाने. चाळीस जण, दोन दिवस. जेवण-नाश्ता माणशी दिवसाला २५० प्रमाणे २०,०००, जागा ५,०००, बस ९,०००, साहित्य आणि औषधपेटी २,०००. बेरीज ३६,०००. त्यावर दहा टक्के राखीव ३,६००, एकूण ३९,६००, म्हणजे माणशी ९९०. चाळीसपैकी सहा जणांना देणे जमणार नाही असे धरले तर ५,९४० रुपये मंडळीकडून आधीच मंजूर करून घ्या. राखीव रक्कम सोडून दिल्यामुळे आणि न देणाऱ्यांचा विचार न केल्यामुळेच शिबिराची खोट येते. कोणाचे पैसे मंडळीने भरले ते फक्त खजिनदार आणि तुम्हाला माहीत असावे.

मुलांची जबाबदारी

या भागात सवलत नाही. संडे स्कूलच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसे, दार उघडे. मुक्कामाच्या शिबिरात आठ मुलांमागे एक मोठे माणूस, मुलींबरोबर मोठी स्त्री, झोपण्याच्या खोल्या वेगळ्या. प्रत्येक अल्पवयीन मुलामागे पालकांच्या सहीचे पत्र: फोन, ॲलर्जी, चालू औषधे, न्यायला कोण येणार. अल्पवयीन मुलाशी किंवा मुलीशी खासगी चॅट नाही. निरोप पालकांच्या फोनवर.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. 'मंडळीची बदनामी होईल, आपसात मिटवू' असे सांगणारे वडीलधारे आदरणीय असले तरी त्यांचे ऐकायचे नाही. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नका. जे त्याने स्वतः सांगितले ते त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहा, तो सुरक्षित आहे हे पाहा आणि कळवा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा.

नाताळची गीतफेरी: पहिली मोठी परीक्षा

नेतृत्व शिकायला याहून चांगले काम नाही, कारण यात माणसे, वेळ, पैसा आणि भावना सगळे एकदम येते. सहा ते दहा या चार तासांत दहा-बारा घरे होतात: घरात पंधरा मिनिटे, वाटेत पाच. याहून जास्त घरे लिहू नका. घरे भागाप्रमाणे बांधा. एक दिवस नाशिक रोड, जेल रोड, उपनगर; एक दिवस सिडको, इंदिरानगर; एक दिवस सातपूर, गंगापूर रोड; एक दिवस शरणपूर, कॅनडा कॉर्नर, त्र्यंबक नाका; देवळाली कॅम्प आणि भगूर वेगळे. आजारी आणि वृद्ध माणसांची घरे सुरुवातीला, कारण ती आठलाच झोपतात. शेवटच्या घराला वाट पाहायला लावली तर ती आठवण वर्षभर राहते.

वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला आहे तिथे आठवडाभर आधी फोन करून विचारा, 'काकू, आम्ही आलो तर चालेल ना?' बहुतेक जण या म्हणतात. तिथे ढोलक बाहेर ठेवा, एकच शांत गीत म्हणा, प्रार्थना करा आणि थोडे बसा. फेरीतली सर्वांत मोठी सेवा या घरात होते.

लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा नियमच आहे. सोसायट्यांमध्ये तो वापरूच नका, वीस आवाज पुरतात. लायसन नसलेल्याला गाडी चालवायला द्यायची नाही. डिसेंबरात नाशिकची रात्र बोचरी असते, दुचाकीवर पाठीमागे बसलेल्या लहानांना स्वेटर-कानटोपीशिवाय घेऊ नका. कोणत्या मुलीला घरी कोण सोडणार ते निघण्यापूर्वी वहीत लिहा आणि ती पोहोचल्याचा निरोप आल्यावरच तुमचा दिवस संपला असे समजा. दानपेटीला सील, उघडणे दोघांसमोर. प्रत्येक घरी करंजी आणि चहा होतो आणि वेळ जातो. आधीच सांगा की फराळ फक्त शेवटच्या घरी.

फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेत गर्दी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांत जाऊन उभे राहा, पंथ कोणताही असो. हरवलेले मूल, चक्कर आलेली आजी आणि अडलेला रस्ता एकाच तासात कसा हाताळतात ते तिथे दिसते.

वडीलधाऱ्यांपुढे प्रस्ताव

प्रस्ताव 'अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत' मांडू नका. तेव्हा सगळे घड्याळ पाहत असतात आणि उत्तर 'पुढच्या वेळी पाहू' असेच येते. आठ दिवस आधी सेक्रेटरींना एक पान द्या: काय करायचे, खर्च किती, करणार कोण, आणि तीन महिने करून पाहून मग ठरवू अशी विनंती. बैठकीपूर्वी दोन ज्येष्ठांच्या घरी जाऊन तो समजावून सांगा, आणि त्यांनी सुचवलेला एक तरी बदल खरोखर करा. नकार आला तर कारण इतिवृत्तात लिहून घ्या आणि ग्रुपवर त्याची चर्चा करू नका.

कमिटीतल्या मोठ्यांसाठी: तरुण सदस्याला बैठकीत चहा आणायला उठवू नका. मुलींना सजावट आणि संडे स्कूल, मुलांना हिशेब आणि माइक, ही वाटणी मोडा. खजिनदाराची जोडीदार म्हणून एखादी कॉमर्सची विद्यार्थिनी घेऊन पाहा. चूक झाली तर एकट्याला बोलावून सांगा. भर मंडळीत झापलेला मुलगा परत येत नाही, आणि पाहणारे चार जणही मागे सरतात.

मालमत्तेचे आणि निवडणुकीचे वाद अनेक मंडळ्यांत आहेत. तरुणाला आपल्या बाजूचा गट म्हणून वापरणे त्याच्यावर अन्याय आहे. तरुणांनी कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या ठरावावर सही करू नये. विश्वस्त म्हणून नाव घातले असे कोणी सांगितले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल झाला का, त्याची प्रत मागा.

दोघे जण, नेहमी

नाशिकचा तरुण पदवी झाली की पुण्याला जातो, काही मुंबईला, काही बाहेरदेशी. हे गृहीत धरूनच प्रत्येक कामाला जोडीदार नेमा, मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत तर नक्कीच. पहिले दोन महिने त्याने पाहायचे, पुढचे दोन महिने तुमच्यासोबत करायचे, शेवटचे दोन महिने त्याने करायचे आणि तुम्ही मागच्या बाकावर बसायचे. मागच्या बाकावरून सूचना देऊ नका.

यूट्यूब चॅनल, ईमेल आणि फेसबुक पेज मंडळीच्या नावाच्या खात्यावर असावे, कोणाच्या वैयक्तिक फोन नंबरवर नव्हे. तो माणूस गाव सोडतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. शेवटच्या रविवारी एका फाइलमध्ये हे द्या: सदस्यांची यादी, इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तके आणि त्यांचे शेवटचे क्रमांक, बँकेत जमा रकमेचा आकडा, येणी-देणी, मांडववाला, साउंडवाला आणि बसवाल्याचे फोन, गीतफेरीच्या घरांची यादी, वाद्यांची मोजदाद, पासवर्डचे बंद पाकीट. दोघांच्या आणि पाळकसाहेबांच्या सह्या. मग किल्लीच्या रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढे 'परत' लिहा आणि खालच्या ओळीत नव्याची सही घ्या.